सत्तर हजारांत दातांचा कॅमेरा

दातांचे फोटो काढायचा कॅमेरा घ्यायला निघायच्या आधी क्लिनिकमध्ये टेप फिरवला आणि अर्धा निर्णय तिथेच झाला. जुळे सोलापुरातला दहा बाय बाराचा गाळा, मधोमध डेंटल चेअर, एका बाजूला बेसिन आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र. पेशंटला भिंतीलगत स्टुलावर बसवलं तर समोरून मागे सरकायला पावणेदोन मीटर जागा निघते. चेअरवर आडव्या पेशंटच्या ओठांपासून लेन्सच्या तोंडापर्यंत वीसेक सेंटिमीटर मोकळे लागतात, कारण तेवढ्यात असिस्टंटचे हात, हवा-पाणी सोडणारी थ्री-वे सिरिंज आणि आरसा मावायचा असतो. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवले. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांपैकी एकही या दोनांइतका कामाला आला नाही.

बजेट सत्तर हजारांचं. त्यात बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स, फ्लॅश, आरसे, ओठ-गाल ओढून धरणारे रिट्रॅक्टर, बॅटऱ्या, कार्ड असं सगळं बसवायचं होतं. बहुतेकांची गाडी इथेच चुकते. साठ हजारांची नवी बॉडी सोबतच्या १८-५५ लेन्ससकट घेतली जाते आणि लेन्स-फ्लॅशला पैसे उरत नाहीत. दातांच्या फोटोत बॉडीचं काम सगळ्यात कमी असतं. प्रकाश आपण देतो, फोकस आपण हातानं लावतो, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १०० किंवा २०० च्या वर जात नाही. अंधारात चांगलं दिसणं, सेकंदाला दहा फोटो, फोर-के व्हिडिओ यासाठी मोजलेले पैसे तोंडात काहीच कमावत नाहीत. दहा वर्षांपूर्वीची २४ मेगापिक्सेलची बॉडीसुद्धा या कामाला पुरून उरते.

आधी फोनवर भागतं का तेही पाहिलं. प्लास्टरचं मॉडेल टेबलावर ठेवून फोनच्या मुख्य कॅमेऱ्यानं बारा सेंमीवरून समोरून फोटो घेतला. पहिली दाढ समोरच्या दातांच्या साधारण तीन सेंमी मागे असते, म्हणजे ती कॅमेऱ्यापासून पंधरा सेंमीवर. हिशेब सरळ आहे: दाढ वीस टक्के लहान उमटते, आणि पुढचे दोन दात सशासारखे मोठे दिसतात. तेच मॉडेल मॅक्रो लेन्सनं छत्तीस सेंमीवरून घेतलं तर हा फरक आठ टक्क्यांच्या आत येतो. विनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा पुढच्या क्राउनसाठी (दातावरच्या टोपीसाठी) लॅबला फोटो पाठवायचा असेल तर वीस टक्क्यांची ही फसवणूक परवडत नाही. शिवाय जवळ नेलं की बरेच फोन आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात, आणि सॉफ्टवेअर दातांवरच्या बारीक रेघा स्वतःच्या मनानं धारदार करून ठेवतं. पेशंटला कीड दाखवायला फोन उत्तम आहे. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही.

मग लेन्स. ती निवडण्याआधी फ्रेममध्ये काय काय हवं ते ठरवलं. क्रॉप सेन्सर म्हणजे स्वस्त बॉडींतला लहान सेन्सर: निकॉनचा सुमारे २३.५ मिमी रुंद आणि कॅननचा २२.३ मिमी. दोन्ही रिट्रॅक्टर लावून समोरून दातांची पूर्ण फळी घ्यायची तर साधारण ७० मिमी रुंदी लागते, म्हणजे १:३ चं प्रमाण; सेन्सरवर दात खऱ्याच्या एक तृतीयांश मापाचा उमटतो. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत पुढचे सहा दात १:२ मध्ये बसतात. वरचे चारच दात हवेत तर १:१.५. चेहऱ्याला कॅमेरा उभा धरून १:१५. पुस्तकात दिलेली १:२, १:१, १:१० ही प्रमाणं फुल फ्रेमसाठीची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीसाठीची असतात. क्रॉप बॉडीवर तीच लावली तर दाढा फ्रेमबाहेर जातात आणि चेहऱ्याची हनुवटी कापली जाते. या हिशेबातून खिशाच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट निघते: क्रॉप बॉडीवर १:१ ची गरज जवळजवळ पडतच नाही. १:२ पर्यंत जाणारी चांगली लेन्ससुद्धा दातांचं बहुतेक काम करते.

फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा, मात्र ८५ ते १०५ मिमीच हवी. निकॉनची डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची, ४० मिमी मॅक्रो स्वस्त आहे, म्हणून तिचा मोह होतो. तिचं सर्वांत जवळचं फोकसचं अंतर १६.३ सेंमी आहे, पण ते सेन्सरपासून मोजलेलं. त्यातले बारा सेंमीहून जास्त बॉडी आणि लेन्सच खाऊन टाकतात. उरतात पाच सेंमीसुद्धा नाहीत. लेन्सच्या तोंडाभोवती बसणारा रिंग फ्लॅश लावला तर तो ओठालाच टेकेल. कॅननची ६० मिमी त्यापेक्षा बरी, पण गालाच्या बाजूचा फोटो घेताना तिथेही अडचण होते. ९० मिमीची १:३ ला दातापासून सुमारे छत्तीस सेंमीवर बसते, आणि असिस्टंटला हात घालायला जागा राहते. चेहऱ्याला तीच लेन्स दीड मीटरच्या आसपास मागे न्यावी लागते. आपल्याकडे पावणेदोन मीटर होते, म्हणून जमलं. ज्यांची खोली याहून अरुंद आहे त्यांनी ८५ मिमी डीएक्स बघावी, किंवा चेहऱ्यापुरती किट लेन्स ५५ वर लावून वापरावी आणि दर वेळी तीच वापरावी.

वापरलेल्या लेन्समध्ये तीन नावं खरोखर विचार करण्यासारखी आहेत. कॅननची जुनी १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो यूएसएम, लाल पट्टीच्या एल मालिकेतली नव्हे. निकॉनची १०५ मिमी व्हीआर. आणि टॅमरॉनची ९० मिमी एफ/२.८, जिचा क्रमांक २७२ई. तिघींची धार दातांसाठी भरपूर आहे. निकॉनची सगळ्यात महाग. कंप रोखण्याची सोय असलेल्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे मोजायची इथे गरज नाही, कारण फोटो गोठवतो तो फ्लॅश. त्याचा चमकारा सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासच असतो.

टॅमरॉनमध्ये आणखी एक मेख आहे, आणि ती खरेदीदाराच्या फायद्याची. निकॉनसाठीच्या तिच्या जुन्या आवृत्तीत मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीतही मोटर नसते, म्हणून ऑटोफोकस चालत नाही, आणि त्यामुळे ही लेन्स बाजारात स्वस्तात पडून राहते. दातांच्या कामात ऑटोफोकस वापरायचाच नसतो. एक्सपोजर मीटर, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) आणि व्ह्यूफाइंडरमधला फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका हे तिघंही नीट चालतात. लग्नाच्या फोटोग्राफरला जी उणीव वाटते ती आपल्याला अडत नाही. ती लेन्स वीस हजारांच्या आत मिळाली.

सोलापुरात बॉडी मिळायला अडचण येत नाही. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलेले फोटोग्राफर जुने, आरशाचे डीएसएलआर काढून टाकतात. मॅक्रो लेन्सचं तसं नाही. इथल्या दुकानात ती क्वचितच शिल्लक असते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे गाठून, दोन-तीन दुकानं बघून संध्याकाळी त्याच गाडीनं परतता येतं. कुरियरनं मागवण्यापेक्षा हा खटाटोप बरा, कारण जुनी लेन्स हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊच नये.

बॉडीच्या बाबतीत एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची: वरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच. कॅननच्या १५००डी आणि ३०००डी मध्ये हॉट शूच्या मधोमध असणारी, फ्लॅशला पेटायचा इशारा देणारी सिंक पिन काढून टाकलेली आहे, २००डी मार्क टू मध्येही तेच. दिसायला लहानसा ठिपका, पण त्यावाचून केवळ मधल्या पिनवर चालणारा कोणताही साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा ट्रिगर पेटत नाही. कॅननचेच किंवा कॅननची भाषा पूर्ण बोलणारे फ्लॅश चालतात. म्हणजे बॉडीत वाचवलेले पाच हजार फ्लॅशमध्ये दुपटीनं जातात. मिररलेसमध्ये कॅननच्या आर५० चा शू वेगळ्याच घडणीचा आहे, जुना फ्लॅश लावायला वेगळा अडॅप्टर विकत घ्यावा लागतो. मिररलेस घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: मेन्यूत एक्सपोजर सिम्युलेशन (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय) बंद करा. नाहीतर एफ २२ ला, म्हणजे छिद्र अगदी लहान असताना, स्क्रीन काळीठिक्कर पडते आणि नवा माणूस कॅमेरा बिघडला म्हणून परत करायला निघतो.

या सगळ्यातून निकॉन डी५६०० ची वापरलेली बॉडी ठरली, बावीस हजारांना. तिचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/२०० सेकंद आहे, एवढा पुरतो.

वापरलेली बॉडी तपासताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, बघतातच. निकॉनच्या फोटोच्या माहितीत तो आकडा येतो, कॅननच्या बहुतेक बॉडींत येत नाही. या वर्गाच्या निकॉनचा शटर एक लाखापर्यंत टिकेल असं धरतात. दिवसाला पाच पेशंट, प्रत्येकी दहा फोटो, वर्षाचे तीनशे दिवस असं धरलं तरी पंधरा हजार होतात. तीस हजार चाललेली बॉडी साडेचार वर्षं निवांत देईल. पण खरी परीक्षा वेगळीच आहे, आणि ती विकणारा कधी सुचवत नाही. लेन्स एफ २२ वर लावून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा, मुद्दाम फोकस घालवून, एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. एफ ४ वर लग्नाचे फोटो काढणाऱ्याला जी धूळ वर्षभर दिसली नाही, ती इथे काळ्या-करड्या ठिपक्यांनी उठून दिसते. दातांचे फोटो कायम एफ २२ वर निघतात, म्हणून तो ठिपका दर पेशंटच्या त्याच दातावर बसतो आणि कीड लागल्यासारखा दिसतो. पहिल्या बॉडीवर असे सोळा ठिपके मोजले. फुंकर मारूनही न हललेल्या अकरांमुळे ती परत ठेवली. दुसरीवर तीन होते, ते रबरी ब्लोअरनं गेले. सोलापुरात फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत हवेत जी बारीक माती असते ती बघता, लेन्स एकदा बसवली की बॉडीवरून काढायचीच नाही, हा नियम त्याच दिवशी केला.

लेन्सच्या आत मागून टॉर्च मारून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तरीही सोडावी. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या दाबानं फिरली पाहिजे.

फ्लॅशवर सगळ्यात जास्त वेळ गेला. स्वस्तात ‘मॅक्रो रिंग लाइट’ म्हणून छोट्या एलईडींची जी चकती मिळते ती फ्लॅश नाही. एफ २२ ला तिच्या उजेडात फोटो काळा येतो, आणि फोटो उजळवायला ॲपर्चर उघडलं की दाढा धूसर होतात. खरा रिंग फ्लॅश हवा, चार डबल-ए सेलवर चालणारा, पॉवर हातानं १/१ पासून खाली कमी करता येईल असा. कॅननसाठी योंगनुओचा वायएन-१४ईएक्स आणि निकॉनसाठी मायके एमके-१४ईएक्सटी ची एन आवृत्ती हे दहा हजारांच्या आसपासचे पर्याय. ट्विन फ्लॅश म्हणजे दोन बाजूंना दोन छोटे दिवे. त्यात दाताच्या पृष्ठभागाची वळणं, कडेची पारदर्शक झाक छान उतरते. रिंगमध्ये ती सपाट होते आणि पुढच्या दोन दातांवर गोल चमक बसते. तरी पहिला फ्लॅश रिंगच घ्यावा असं ठाम मत आहे. रूट कॅनाल, दाढेचं फिलिंग, तारांचे पेशंट, आरशातले फोटो या रोजच्या कामात तो तोंडाच्या तळापर्यंत सावली न पाडता पोचतो. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) आणि विनियरचंच काम जास्त असेल त्यांनी ट्विनसाठी आणखी पैसे साठवावेत.

इथे एक लहानसा खोळंबा झाला, तो सगळ्यांना टाळता येईल. टॅमरॉनचा फिल्टरचा आटा ५५ मिमीचा. फ्लॅशच्या डब्यात आलेल्या, तो लेन्सला जोडायच्या रिंगांमध्ये ५८ होती, ५५ नव्हती. साठ-सत्तर रुपयांच्या ५५-५८ स्टेप-अप रिंगसाठी सगळं सामान चार दिवस पडून राहिलं. लेन्स घेतानाच तिच्या पुढच्या तोंडावरचा व्यास वाचा आणि रिंग सोबतच मागवा. दुसरं असं की टॅमरॉनची ही लेन्स जवळच्या फोकसला पुढे लांब होते, आणि पुढे फ्लॅशचं वजन लटकत असल्यानं कॅमेरा खाली झुकवला की नळी आपोआप थोडी सरकू शकते. फोकस रिंगवर बोट दाबून धरायची सवय लावावी लागते. कॅननची १०० आणि निकॉनची १०५ आतल्या आत फोकस करतात, त्यांना हा त्रास नाही.

सेल साधे अल्कलाइन नकोत. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे, २००० एमएएचच्या आसपासचे आठ घेतले: चार फ्लॅशमध्ये, चार चार्जरवर. अल्कलाइन सेल अर्धे उतरले की फ्लॅश भरायला पाच-सहा सेकंद घेतो, आणि तोंड ताणून बसलेल्या पेशंटला ते पाच सेकंद फार जड जातात.

आरशांच्या बाबतीत कंजुषी करू नये. साध्या काचेच्या आरशात चकाकणारा लेप मागच्या बाजूला असतो. त्यामुळे काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन पृष्ठभागांवरून दात दोनदा दिसतो, कडेला भुतासारखी दुसरी रेघ. पुढच्या पृष्ठभागावर लेप असलेला आरसा हवा. ओळखायची रीत सोपी आहे: पेन्सिलीचं टोक हलकेच आरशाला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर लेप पुढे आहे, मध्ये फट दिसली तर मागे. स्टीलचे आरसे पडले तरी फुटत नाहीत, पण त्यांच्यात फोटो जरा मळकट येतो आणि ओरखडे लवकर पडतात. ऑक्लुजल (चावायच्या बाजूसाठी) आणि बकल (गालाकडच्या बाजूसाठी) असे दोन काचेचे घेतले, आणि एक लहान मुलांच्या मापाचा.

हा लहान आरसा आपल्या भागात चैनीची वस्तू नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-माव्यानं तोंड आखडलेले पेशंट रोज येतात. या आजारात, सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये, तोंड जेमतेम पंचवीस-तीस मिमी उघडतं, तिथे मोठा आरसा शिरतच नाही. जोर लावला तर तोंडाच्या कोपऱ्याला चीर पडते. अशा वेळी लहान आरसा, त्याच्या कडेला आणि ओठांना व्हॅसलिन, आणि एका फोटोत सगळी फळी घेण्याचा हट्ट सोडून उजवी-डावी अशी दोन भागांत फळी घ्यायची. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांवरचे डाग टिपतानाही लहान रिट्रॅक्टरच बरा. मोठ्यानं ओठ ताणला की डागाचा रंग फिका पडून फसवतो.

आरशावर श्वासाची वाफ धरते. तो आधी कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्यायचा आणि फोटोच्या वेळी असिस्टंटनं थ्री-वेमधून फक्त हवेची हलकी धार आरशावर सोडायची. पेशंटला नाकानं श्वास घ्यायला सांगितलं की अर्धं काम होतं. पुसायला मायक्रोफायबर. टेरी टॉवेल सोलापुरात घराघरांत असतो, पण त्याचे बारीक तंतू आरशावर बसतात आणि फोटोत कृमीसारखे दिसतात. नळाला रोज पाणी नसल्यानं टाकीतलं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं जातं. त्यानं धुऊन तसाच ऑटोक्लेव्हमध्ये टाकलेला आरसा पांढऱ्या डागांनी भरतो आणि ते डाग घासून काढताना लेप जातो. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, मग प्रत्येक आरसा स्वतंत्र पाऊचमध्ये. बाहेर काढल्यावर गरम आरसा गार पाण्याखाली धरायचा नाही.

काळी पार्श्वभूमी दोन प्रकारची लागते. तोंडात, पुढच्या दातांच्या मागे, काळा काँट्रास्टर, म्हणजे काळी पट्टी. चेहऱ्याच्या मागे भिंतीवर काळं कापड. चाटी गल्लीतून दीड मीटर काळी मखमल आणली. साटीन किंवा चकचकीत पॉलिस्टर आणू नये, फ्लॅश त्यावरून परत येतो.

आता सेटिंग. मोड मॅन्युअल, आयएसओ २००, शटर १/१६०, व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक जुळवणारी सेटिंग) फ्लॅशवर किंवा ५५०० केल्विनवर कायम. तोंडातल्या फोटोंना एफ २२, चेहऱ्याला एफ ८. शटर १/२०० च्या वर नेलं तर फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो. एफ २२ का, तर १:३ ला खोलीचा टप्पा (पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं अंतर) त्यानं साधारण एक सेंमी मिळतो. एफ ८ ला तोच साडेतीन मिमी. ३२ ला न्यायचा मोह टाळावा, तिथे प्रकाश पसरून सगळाच फोटो मऊ पडतो. निकॉन आणि कॅननमध्ये इथे एक फरक आहे जो फार कमी लोक सांगतात. जवळच्या फोकसला लेन्समधून येणारा प्रकाश घटतो. निकॉन तो घटलेला, म्हणजे प्रत्यक्षातला आकडा दाखवतो, कॅनन लेन्सवरचा मूळ आकडाच दाखवत राहतो. म्हणून कॅननवाल्यानं सांगितलेला एफ २२ निकॉनवर तसाच लावला तर खोली कमी मिळते. निकॉनवर २५ किंवा २९ लावावा.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानं आपोआप ठरवणं, बंद. पांढरे दात बघून तो फ्लॅश कमी करतो, काळा काँट्रास्टर बघून वाढवतो, आणि एकाच पेशंटचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. हातानं पॉवर लावून, प्रत्येक प्रमाणासाठी तीन-तीन फोटो काढून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघितला. समोरचा फोटो १/४ वर बसला, आरशातला १/२ वर, कारण आरशातून दात दूर पडतो आणि थोडा प्रकाश आरसाही खातो. फ्लॅश बदलला की हे आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. आणखी एक चाचणी: फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. चेअरच्या दिव्याची जरा जरी पिवळसर झाक दिसली तर फोटोच्या वेळी दिवा बाजूला वळवा.

फोकसची रीत नवख्यांना उलटी वाटते. लेन्सवर १:३ चं प्रमाण आधी लावून ठेवायचं, कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि स्वतः एक-दोन सेंमी पुढे-मागे डुलत जिथे दात स्पष्ट होतो तिथे बटण दाबायचं. रिंग फिरवून फोकस केला तर प्रमाण बदलतं आणि सहा महिन्यांनंतरचा फोटो आधीच्या फोटोवर बसत नाही. लेन्सच्या नळीवर तीन रंगांच्या इन्सुलेशन टेपच्या बारीक चिंध्या चिकटवल्या: लाल १:२, निळी १:३, पांढरी चेहरा. समोरून घेताना फोकस पुढच्या दोन दातांवर धरायचा नाही. एक सेंमीची खोली पुढे-मागे साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते, त्यामुळे पुढच्या दातांवर धरला तर पुढची निम्मी खोली हवेत वाया जाते. लॅटरल (पुढच्या दोन दातांशेजारचा दात) आणि सुळ्याच्या मधल्या जागेवर धरला की दोन्ही टोकं सांभाळली जातात. आरशात फळी घेताना उपदाढांच्या टोकांवर.

पहिल्या दोन आठवड्यांतल्या चुका जवळजवळ सगळ्या कॅमेरा-आरसा धरण्यातल्या होत्या, कॅमेऱ्यातली एकही नव्हती. कॅमेरा वरून धरल्यानं दातांची रेघ हसऱ्या चेहऱ्यासारखी वाकडी आली. आरसा मागे पुरेसा टेकवला नसल्यानं आरशातल्या दातांसोबत खरे दातही फ्रेममध्ये घुसले. थुंकीचा बुडबुडा राहिला. रिट्रॅक्टर मागे ओढला गेला आणि ओठ हिरडीवर दाबला; तो बाहेर, कॅमेऱ्याच्या दिशेला ओढायचा असतो. आरशातला फोटो उलटा असतो, तो संगणकावर पलटवायचा राहिला आणि एका फाइलमध्ये उजवी दाढ डावीकडे गेली. म्हणून कार्ड रिकामं करतानाच पलटवणं आता ठरून गेलं आहे.

शेडचा, म्हणजे दाताच्या रंगछटेचा, फोटो सगळ्यात आधी, रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) किंवा कापूस लावण्याआधी. दात काही मिनिटं कोरडा राहिला की पांढरट दिसतो आणि लॅबमधून एक शेड उजळ क्राउन येतो. शेड टॅब (रंगछटेचा नमुना-दात) दाताच्या त्याच पातळीवर, कडेला कड भिडवून, त्यावरचा ए२-ए३ आकडा दिसेल असा धरायचा. जवळचे दोन टॅब एकाच फोटोत घेतले तर लॅबच्या तंत्रज्ञाला तुलना करता येते. सुरुवातीला एक फोटो १८ टक्के करड्या कार्डासह. लॅबला व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर दाबून पाठवलेल्या फोटोत रंग आणि बारकावा दोन्ही जातात.

ग्लोव्ह्ज घातलेला हात कॅमेऱ्याला लावायचा नाही. फोटो काढणारा एक, तोंडात हात घालणारा दुसरा. एकट्यानं काम असेल तर बॉडीला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळून, दर पेशंटला बदलायची.

संमतीचा कागद फोटोआधी. सोलापुरात तो मराठीतच ठेवून चालत नाही. तेलुगू आणि कन्नडमध्येही छापून घेतला. त्यात तीन वेगळे चौकोन आहेत: उपचाराच्या नोंदीसाठी, लॅबला पाठवण्यासाठी, इतरांना दाखवण्यासाठी. पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि ते त्याला तोंडी सांगितलंच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती परत घेण्याचा हक्क आहे, म्हणून फाइलच्या नावात पेशंटचं नाव नसतं, फक्त तारीख, केसपेपर नंबर आणि कोणता फोटो. कुणी काढून टाका म्हणालं तर नंबरावरून सगळ्या प्रती सापडतात. प्रती तीन: संगणक, बाहेरची हार्ड डिस्क, आणि घरी ठेवलेली दुसरी डिस्क.

शेवटी हिशेब असा बसला: बॉडी बावीस, लेन्स एकोणीस, फ्लॅश नऊ, तीन आरसे पाच, रिट्रॅक्टर-काँट्रास्टर दोन, सेल आणि चार्जर तीन, कार्ड-रिंग-ब्लोअर-करडं कार्ड-मखमल मिळून अडीच. साडेबासष्ट हजार. उरलेल्यातून दुसरा ऑक्लुजल आरसा मागवून ठेवला, कारण पहिला कधीतरी बेसिनमध्ये पडणारच, आणि त्या दिवशी तारांचा पेशंट चेअरवर असेल.